शितावरून भात, पण दगडावरून खाण?

महाराष्ट्राच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या २०१८ साली निघालेल्या पुस्तकात ‘धातुविज्ञान’ हा पाठ आहे. धातूंचे गुणधर्म, अभिक्रियाशीलता, आयनिक संयुगे असे करत तो धातुकांच्या संहतीकरणापाशी येतो. खाणीतून आलेल्या दगडातला निरुपयोगी भाग, म्हणजे मृदा अशुद्धी, बाजूला काढायची आणि कामाचे खनिज एकवटायचे, याला संहतीकरण म्हणायचे. त्यासाठी विल्फ्ली टेबल, पाण्याच्या प्रवाहाने विलगीकरण, चुंबकीय विलगीकरण, फेनतरण आणि अपक्षालन या पद्धती पुस्तकात आहेत. मुले आकृत्या काढतात, भागांना नावे देतात आणि गुण मिळवतात.

या लेखात त्या दोन-तीन पानांचे परीक्षण करायचे आहे. तिथली माहिती ढोबळमानाने बरोबर आहे. पण पुस्तक यंत्र दाखवते आणि थांबते. हे यंत्र समोरच्या दगडाला चालेल का, आणि चालले हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. खनिज-प्रक्रियेचे संशोधन आणि चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांचे सगळे काम याच प्रश्नाभोवती फिरते. तो गाळला की यंत्रांची यादी तेवढी हाती राहते.

जमेची बाजू

आधी जे चांगले आहे ते सांगू. प्रत्येक पद्धतीमागचा गुणधर्म पुस्तकाने नीट वेगळा केला आहे. टेबलावर घनता कामाला येते, चुंबकापाशी चुंबकत्व, फेसात पाण्याशी असलेले सख्य किंवा वैर, आणि अपक्षालनात विद्राव्यता. ‘दोन पदार्थ वेगळे करायचे असतील तर त्यांच्यातला फरक शोधा’ हे सूत्र मुलांच्या मनात ठसायला ही मांडणी उपयोगी आहे. धातुक आधी दळून बारीक करावे लागते हेही पुस्तक सांगते.

मात्र दळायचे कशासाठी, हे सांगायचे राहते. खनिजाचे कण दगडात तिळगुळाच्या वडीतल्या तिळासारखे रुतलेले असतात. वडीचे मोठे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात तीळही येतो आणि गूळही. तीळ सुटा व्हायचा असेल तर तुकडा तिळाच्या आकारापर्यंत फोडावा लागतो. खनिजाचा कण दगडातून असा मोकळा झाल्याशिवाय कुठलेच यंत्र त्याला वेगळे करू शकत नाही. मग सरसकट पिठासारखे का दळू नये? कारण असल्या कारखान्यात सर्वांत जास्त वीज सहसा दळण्यावरच खर्च होते, आणि फार बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात, फेसालाही नीट धरत नाहीत. किती बारीक दळायचे याचे उत्तर प्रत्येक खाणीसाठी वेगळे असते. ते पुस्तकात सापडत नाही. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि निरनिराळ्या जाडीचे दळण करून पाहूनच ते मिळते.

अशुद्धी कोणाची?

चुंबकीय विलगीकरणासाठी पुस्तकाने कथिलाच्या धातुकाचे उदाहरण घेतले आहे. कॅसिटेराइट हे कथिलाचे ऑक्साइड चुंबकाकडे ओढले जात नाही, आणि त्याच्याबरोबर असणारे फेरस टंगस्टेट ओढले जाते. म्हणून विद्युतचुंबकाने ही अशुद्धी दूर करायची.

रसायनशास्त्र बरोबर आहे, पण ‘अशुद्धी’ हा शब्द विद्यार्थ्याची दिशाभूल करतो. लोह आणि मँगनीज यांचे टंगस्टेट म्हणजे वुल्फ्रॅमाइट. हे टंगस्टनचे एक प्रमुख धातुक आहे. कठीण पोलाद कापणाऱ्या हत्यारांना आणि जुन्या दिव्यांच्या तारांना लागणारा हा धातू. नागपूर जिल्ह्यातल्या कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आहेत आणि त्यांचे प्रमाण कमी असल्याने ती कशी एकवटायची हा तिथला खरा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टंगस्टन आहे. म्हणजे पुस्तकाने जी अशुद्धी म्हणून काढून टाकली, तिच्याच शोधात आपल्याच राज्यातले भूवैज्ञानिक आहेत. चुंबकाने दोन्ही भाग वेगळे होतात. त्यातला कोणता ठेवायचा हे आपली गरज ठरवते, आणि पुष्कळदा दोन्ही ठेवायचे असतात. एवढे एक वाक्य जरी पाठात असते तरी उदाहरण किती जिवंत झाले असते!

नाशिकच्या दगडातले लोखंड

‘धातुक’ शब्दाची व्याख्या पुस्तकात आहे: ज्यातून धातू काढणे परवडते ते खनिज. व्याख्या योग्य आहे, पण ‘परवडते’ या शब्दात काय काय भरले आहे हे उलगडलेले नाही. नाशिकच्या शिक्षकाला ते पायाखालच्या दगडावरून उलगडता येईल.

नाशिकचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहाचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडची तांब्याची खाण देशात प्रसिद्ध आहे. तिथल्या दगडात तांबे एक टक्क्याच्या आसपासच. तरी मलाजखंडचा दगड धातुक ठरतो आणि नाशिकचा ठरत नाही. कारणे दोन. लोखंड स्वस्त आणि मुबलक आहे, तांबे तसे नाही. शिवाय बेसाल्टमधले बरेचसे लोह सिलिकेट खनिजांच्या रचनेत अडकलेले आहे. कितीही दळले तरी ते सुटे होत नाही. मलाजखंडचे तांबे मुख्यतः सल्फाइडच्या कणांत आहे आणि ते कण फेसावर तरंगवता येतात.

कायद्याच्या भाषेतही ‘धातुक’ हा शब्द स्थिर नाही. देशातल्या खाणींवर देखरेख ठेवणारी भारतीय खाण ब्यूरो ही संस्था १ मार्च १९४८ रोजी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. अमुक टक्क्यांच्या खालचा दगड टाकाऊ समजावा अशी उंबरठा-मर्यादा ही संस्था ठरवते. हेमॅटाइट या लोहखनिजासाठी ती ५५ टक्के होती, २००९ साली ४५ टक्के झाली. मधल्या टक्केवारीचा दगड काल टाकाऊ होता, आज खनिज झाला. दगड बदलला नाही. कमी प्रतीच्या दगडावर प्रक्रिया करता येते हे प्रयोगशाळांनी दाखवून दिले होते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईकही होते, म्हणून रेघ खाली सरकली.

ब्यूरोची खनिज-प्रक्रिया प्रयोगशाळा आणि नमुना-संयंत्र नागपूरच्या हिंगणा रस्त्यावर आहे. अजमेर आणि बंगळूर येथेही तिच्या प्रयोगशाळा आहेत. अशा ठिकाणी खाणवाला आपला दगड पाठवतो. तिथे आधी दगडात काय आहे आणि कोणत्या खनिजात आहे ते पाहतात. मग किलो-दोन किलोंच्या लहान चाचण्या होतात: दळण किती, पाणी किती, कोणते रसायन, दर टनाला किती ग्रॅम. त्या जमल्या तर लहानशा कारखान्यासारख्या संयंत्रात टनावारी माल घालून तेच करून पाहतात. त्यानंतरच प्रत्यक्ष कारखान्याचा आराखडा होतो. फेनतरणाविषयी पुस्तक वाचून असे वाटते की पाणी, वनस्पतीचे तेल आणि हवा मिळाली की सल्फाइड वर येणारच. वस्तुस्थिती अशी की शिसे आणि जस्त दोन्ही सल्फाइडे असतील तर एकाला तरंगवायचे आणि दुसऱ्याला तळाशी दाबून ठेवायचे, यासाठी वेगवेगळी रसायने ठरावीक क्रमाने घालावी लागतात. ही पाककृती दर खाणीगणिक बदलते.

सूप आणि हिशेब

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. संहतीकरणाच्या भागात ‘किती?’ हा प्रश्न नाही.

सुपात धान्य पाखडताना जोर कमी पडला तर दाण्यांत कोंडा राहतो, आणि जास्त झाला तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात. खनिज-प्रक्रियेतही नेमके असेच होते. हाती आलेला माल किती शुद्ध आहे ही त्याची प्रत, आणि मूळ धातूपैकी किती वाटा हाती लागला ही प्राप्ती. एक वाढवायला गेले की बहुतेक वेळा दुसरी घटते. चाचणीचा अहवाल म्हणजे या दोन आकड्यांची सांगड.

हा हिशेब दहावीच्या गणितात बसतो. समजा मूळ धातुकात तांबे २ टक्के, एकवटलेल्या मालात २० टक्के, आणि टाकाऊ गाळात ०.२ टक्के आहे. वजने मुळीच दिलेली नाहीत. तरी १०० किलो धातुकापासून क्ष किलो माल मिळाला असे मानले, तर तांब्याचा ताळेबंद असा मांडता येतो: २०० = २०क्ष + ०.२(१०० − क्ष). यातून क्ष येतो सुमारे ९.१ किलो. त्यात तांबे सुमारे १.८२ किलो. मूळ तांबे २ किलो होते, म्हणून प्राप्ती ९१ टक्के. उरलेले सुमारे ०.१८ किलो तांबे ९०.९ किलो गाळात गेले. तीन नमुने तपासून सबंध कारखान्याचा हिशेब लागला. वस्तूच्या अक्षय्यतेचा नियम मुलांनी पाठ केलेला असतोच. त्याचा असा उपयोग पाहिला की तो परीक्षेपुरता राहणार नाही.

यातला तिसरा नमुना, गाळाचा, फार महत्त्वाचा आहे. पुस्तकात मृदा अशुद्धी पाण्याबरोबर निघून जाते आणि विषय संपतो. ती जाते कुठे? गोव्यात लोहखनिज धुतल्यावर उरणारा तांबडा गाळ आणि ढिगाऱ्यांची वाहून आलेली माती भातशेतीत, ओहोळांत आणि नद्यांत उतरल्याच्या तक्रारी कित्येक वर्षे होत राहिल्या. गोव्यातले खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबवले, त्या आधीच्या वादांत हाही एक विषय होता. गाळात किती धातू गेला आणि तो गाळ कुठे साठवला, हे प्रश्न आकृतीतच विचारले गेले असते तर रसायनशास्त्राच्या तासाला पर्यावरणाचा वेगळा उपदेश करावा लागला नसता.

नमुना

हिशेब तीन नमुन्यांवर उभा आहे. नमुनाच चुकला तर? आपल्याकडे म्हण आहे: शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ती खरी आहे, कारण एका भांड्यातली शिते सारखी असतात आणि सारख्याच आचेवर शिजतात. खाण म्हणजे असे भांडे नव्हे. दगडादगडांत फरक असतो, आणि ढिगाऱ्यात मोठे खडे कडेला घरंगळतात व बारीक भुकटी मध्ये राहते. वरून मूठभर उचललेला माल ढिगाऱ्याचे प्रतिनिधित्व करील याची काहीच खात्री नसते. पियेर गी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकापासून या विषयाला गणिती पाया दिला. त्याचा ढोबळ अर्थ असा: खडे जितके मोठे आणि हवा असलेला पदार्थ जितका विरळ, तितका नमुना मोठा घ्यावा लागतो.

ही गोष्ट नाशिकच्या मुलांना परकी नाही. लासलगावच्या लिलावात ट्रॉलीतला कांदा पाहून बोली लागते. वरचाच कांदा पाहिला तर काय होते हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. निर्यातीच्या द्राक्षांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने इथली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा ‘नमुना’ आणि ‘चाचणी’ हे शब्द जिल्ह्यातल्या घराघरांत पोहोचले होते. इथल्या शिक्षकाने खनिजांचा पाठ शिकवताना ही ओळख वापरावी.

नमुन्याशी खेळ केला तर काय घडते याचे सर्वांत मोठे उदाहरण १९९७ सालचे आहे. ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीने इंडोनेशियात बोर्निओ बेटावरील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचे जाहीर केले होते. कंपनीच्या समभागांची एकूण किंमत काही अब्ज डॉलरवर गेली. प्रयोगशाळांनी केलेल्या तपासण्यांत खरोखरच सोने सापडत होते. पण तपासणीसाठी येणाऱ्या भुकटीत आधीच बाहेरून सोने मिसळलेले होते. खोदून काढलेल्या दगडाच्या कांडीचा अर्धा भाग पुढे कधी पडताळा घेता यावा म्हणून जपून ठेवायची रीत आहे. इथे मात्र पूर्ण कांड्या फोडून टाकल्या होत्या. स्वतंत्र तज्ज्ञ संस्थेने पुन्हा छिद्रे घेऊन तपासले, आणि मे १९९७ मध्ये अहवाल आला की साठा नाहीच. हजारो सामान्य गुंतवणूकदार बुडाले. प्रयोगशाळेचा आकडा बरोबर असूनही निष्कर्ष खोटा असू शकतो, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

म्हणूनच धातुकाच्या व्यवहारात नमुन्याचे भाग पाडण्याची पद्धत आहे. एक विकणाऱ्याने तपासायचा, एक घेणाऱ्याने, आणि एक मोहोरबंद ठेवायचा. दोघांच्या आकड्यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडला तर तो तिसरा भाग पंच प्रयोगशाळेकडे जातो. अविश्वास गृहीत धरून विश्वास ठेवण्याची ही रीत विज्ञानाच्या स्वभावाला धरून आहे.

धोबिणीची गोष्ट

शेवटी आणखी एका पुस्तकाविषयी. एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्रात धातू मिळवण्याच्या तत्त्वांवर एक प्रकरण होते. २०२२ साली अभ्यासक्रम कमी केला तेव्हा ते वगळले गेले. त्यात चौकटीत एक गोष्ट होती: खाणकामगाराचे कपडे धुताना एका धोबिणीला दिसले की माती तळाशी बसते आणि तांब्याचे कण साबणाच्या फेसाबरोबर वर येतात. तिने ते कॅरी एव्हरसन या बाईंना सांगितले, आणि त्यातून फेनतरण जन्मले.

गोष्ट गोड आहे, आणि आपण शिक्षक ती आवडीने सांगतो. ती वेगवेगळ्या रूपांत फिरते. काही ठिकाणी धोबीण असते, काही ठिकाणी खुद्द एव्हरसनबाई शाळामास्तरीण होऊन खनिजाच्या तेलकट पिशव्या धुतात. नोंदींमधून दिसते ते वेगळे. अमेरिकेतल्या एव्हरसनबाईंनी तेल आणि आम्ल यांच्या साहाय्याने धातुक वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८८६ साली घेतले. जर्मनीत बेसेल बंधूंनी ग्रॅफाइटसाठी तेलाचा उपयोग त्याआधीच, १८७७ साली, पेटंटमध्ये नोंदवला होता. हवेच्या बुडबुड्यांवर चालणारी, कारखान्यात टिकणारी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. तिथे गुरुत्वावर चालणारी यंत्रे शिसे काढत होती आणि जस्त गाळात जात होते. असे लाखो टन गाळाचे डोंगर साठले होते. ते जस्त सोडवणे ही गरज होती आणि त्यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षे चाचण्या केल्या.

चौकटीतल्या गोष्टीने ही मधली वर्षे पुसली. निरीक्षण झाले आणि शोध लागला, असे मुलांना वाटते. एव्हरसनबाईंनी प्रयोग करून पेटंट घेतले, याचेही श्रेय त्यात अर्धेच मिळते. निरीक्षण महत्त्वाचे आहेच. पण ‘वर येते’ आणि ‘दर टनाला इतके वर येते, रोज येते, परवडते’ यांच्यामध्ये जे काम असते तेच खनिज-प्रक्रियेचे शास्त्र.

वर्गात काय करता येईल

खालची कृती एका तासात होते. बांधकामाच्या जागेवरून दोन-तीन किलो कोरडी नदीची वाळू आणावी. बेसाल्टच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नदीच्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, म्हणजे कण झटकता येतात.

एका गटाने ढिगाच्या वरून १०० ग्रॅम घ्यावे. दुसऱ्याने वाळू नीट कालवून तिचा शंकूसारखा ढीग करावा, तो चपटा करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढावेत, आणि १०० ग्रॅम उरेपर्यंत हे करत राहावे. दोघांनीही प्रत्येक वेळी तीन नमुने घ्यावेत. चुंबकाने काढलेल्या काळ्या भागाचे वजन करावे. कोणत्या गटाचे तीन आकडे एकमेकांच्या जास्त जवळ आहेत? उरलेल्या वाळूवरून चुंबक पुन्हा फिरवल्यावर आणखी किती निघाले? चुंबकाला चिकटलेल्या भागात साधी वाळू किती, हे भिंगाने पाहावे.

मग क्रशरची वाळू घेऊन तेच करावे. इथे चुंबकाला चिकटणाऱ्या बऱ्याच कणांत काळे-करडे एकत्र दिसतील, कारण मॅग्नेटाइट अजून दगडातून मोकळे झालेले नाही. ते बारीक करायला दगडी खल वापरावा. लोखंडी खलबत्त्याचा कीस नमुन्यात मिसळेल आणि चुंबक त्यालाही उचलेल. क्रशरच्या जबड्यांचे लोखंड त्यात आधीच असू शकते, ही शंका एखाद्या मुलाने काढली तर तिचे कौतुक करावे. हा प्रश्न खऱ्या प्रयोगशाळेतही रोज विचारला जातो.

नाशिकमध्येच दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ पासून आहे. धरणांच्या आणि इमारतींच्या कामाचे दगड, वाळू, माती तिथे तपासली जाते. तिथला प्रश्न धातूचा नाही, मजबुतीचा आहे. पण नमुना, चाचणी आणि अहवाल ही साखळी तीच. आपल्या गावात हे काम चालते, हे मुलांना ठाऊक असायला हवे.

पाठ्यपुस्तक पुन्हा लिहिले जाईल तेव्हा या पाठाच्या स्वाध्यायात ‘विल्फ्ली टेबलाची आकृती काढा’ या प्रश्नाखाली आणखी तीन ओळी हव्यात: मूळ दगडात धातू किती होता? हाती किती आला? उरलेला कुठे गेला? नवे पुस्तक येईपर्यंत या तीन ओळी फळ्यावर आपणच लिहायच्या.